लग्नपत्रिकेची पंजी

आमच्या वाडीत बाया पत्ते खेळत्यात ते पैशावर न्हाई, दिसावर. दिस म्हंजी कामाचा दिस. शिनोलीच्या वर, भीमाशंकरच्या अंगाला आमची वाडी. भात आन नाचणी, दुसरं काय पिकत न्हाई. तरण्या बाया सकाळच्या टेंपोनं खाली टोमॅटो तोडायला जात्यात. मंग आवणीला, म्हंजी भाताचं रोप चिखलात लावायला, आमीच म्हाताऱ्या राहतो. आमी सावड करतो. मी एक दिस तुझ्या खाचरात वाकायचं, तू एक दिस माझ्या. रोप पेरल्यापासनं एकवीस-बावीस दिसांत लावावं लागतं. लई पुढं गेलं की त्याला कांडी सुटती, मंग ते धड येत न्हाई. रोप वाढतंय तवर दुपारची जरा सवड असती. त्या सवडीत डाव मांडायचा. जी हारली तिनं एक दिस जास्तीचा द्यायचा, आन डावातला दिस परत फेडायचा नसतो.

खेळ एकवीसचा. तो वाडीत आणला आमच्या मालकांनी. ते पंचवीस वर्सं ट्रकवर व्हते. आळेफाट्याला हॉटेलाच्या मागं गाड्या उभ्या करून डायवर लोक खेळायचे, तिथं ते शिकले. घरी आले की मला आन थोरल्या जावेला बसवून शिकवायचे, आमच्याकडनं वाडी शिकली.

रीत साधी हाय. एक वाटणारी, बाकीच्या तिच्यासंगं खेळणार. समोरचीला दोन पानं, दोन्ही उघडी. वाटणारीला बी दोन, पण एक उघडं, एक पालथं. राजा, राणी, गुलाम दहाचे. एक्का एकाचा धर न्हाईतर अकराचा. पान मागत जायचं आन एकवीसच्या जवळ जायचं. वर गेलं की फुटली. वाटणारीला मात्र मन नसतं. सोळापर्यंत तिनं घ्यायचंच, सतरा झाले की थांबायचंच. बरोबरी झाली तर डाव कुणाचाच न्हाई.

आन एक रीत डायवर लोकांची जास्तीची. तिला ‘सोड’ म्हणायचे. पानं वाटली की वाटणारा समोरच्याची पानं बघून म्हणतो, सोड, अर्धं दे आन सुट. किंवा तुझी पानं चांगली दिसली तर म्हणतो, सोड, अर्धं मी देतो, डाव मोडू. काय द्यायचं, काय मागायचं ते वाटणाऱ्यानं ठरवायचं. घ्यायचं का न्हाई ते तू ठरवायचं. एकदा न्हाई म्हणलं की मागं फिरायचं न्हाई.

लई वर्सं मी हे सगळं मनाला येईल तसं खेळले. तीन वर्सांमागं मालकांना लकवा मारला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, बोलणं जड झालं, पण डोकं साबूत व्हतं. दिसभर खाटंवर पडून करायचं काय? मंग मी पानं घेऊन त्यांच्या पायथ्याला बसायची आन ते मला डाव्या हातानं शिकवायचे. मी शाळेत दुसरीपर्यंत गेलेली, मला आकडे चिंचोक्यावर समजतात. तर त्यांनी चिंचोके मांडायला लावले.

“सोळा हायत तुझे,” म्हणले. “समोर राजा. काय करतीस?”

“पान घेते.”

त्यांनी एक्क्यापासनं राजापर्यंत तेरा पानं वळीत लावायला सांगितली. सोळावर एक्का, दुर्री, तिर्री, चव्वी, पंजी आली तर वाचलीस. छक्कीपासनं वर सगळी फोडणारी. मी मोजलं. पाच वाचवणारी, आठ फोडणारी. आन वाचलीस तरी वाटणाऱ्याचं तुझ्यापेक्षा मोठं निघू शकतं, ते वेगळंच.

मंग म्हणले, चार डाव खेळलीस. तीन हारलीस, एक जिकलीस. किती गेले? मी चिंचोके सरकवले. तीन गेले, एक आला, दोनाचा खड्डा. आता चारी डाव अर्ध्यावर सोड. चार अर्धे. परत दोनाचाच खड्डा. “म्हंजी,” म्हणले, आन हे बोलायला त्यांना लई वेळ लागला, “चारात एक डाव येणार असंल तर लढ. तेवढा बी येणार नसंल तर सोड.”

पंधरा-सोळा हातात आन समोर दहाचं पान असंल तर सोडायचं. तेरा-चौदा असंल तर सोडायचं न्हाई, पान घ्यायचं. समोर पंजी-छक्की असंल तर बारावर बी गप बसायचं, वाटणाऱ्याला फुटू द्यायचं. हातात वीस असताना कुणी अर्धं देऊ केलं तर घ्यायचं न्हाई, वीसची किंमत त्याच्यापेक्षा जास्त. हे मी पाठ केलं. पण एक गोष्ट त्यांनी सगळ्यात जास्त वेळा सांगितली.

“देणारा फुकट देत न्हाई. हिशेब करून देतो. लई देत असंल तर समज, भ्यालाय.”

त्याच वर्सीच्या आषाढातली गोष्ट. रोप पेरलेलं, पण सावड करायला मी मोकळी कुठं व्हते? मालकांना कुशीवर वळवायचं, भरवायचं, सगळं खाटंवरच. तासाभराच्या वर मला घर सोडता येत न्हवतं. लेक एकच, ती पिंपरी पेंढारला दिलेली, तिच्या सासरी तिचीच कांद्याची धांदल. माझी दोन मोठी खाचरं, चार दिसांचं काम.

थोरली जाऊ आली. तिला मी आक्का म्हणते. उंबऱ्यातच उभी राहून म्हणली, “धाकटे, रोप झालं की आमी येतो लावायला. तू भाऊजींपाशी ऱ्हा.”

“आन फेडू कशी?”

“कोण मागतंय?”

“आज न्हाई मागत. उद्या पाण्यावर दोघीजणी बोलतील, हिच्याकडं फुकट वाकलो म्हणून.”

“बोलू दे. तोंड हाय, बोलणारच.”

“मला न्हाई चालायचं.”

“मर मंग,” म्हणली आन गेली. रागानं गेली, पण जाताना मालकांना हाक मारून गेली, “भाऊजी, बायको लई शानी हाय तुमची.”

मला सुचलं ते हे. सावडीचा दिस फेडायला लागतो, डावातला न्हाई. चार दिस जिकले तर कुणाच्या बापाला बोलायला जागा न्हाई. शिकवलेलं तर सगळं डोक्यात व्हतं.

डाव आक्काच्या पडवीत बसायचा. दुपारी मालकांचा डोळा लागला की मी जायची. आक्का वाटायची, समोर मी आन शेजारीण. आक्काच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. पान नाकाला लावून बघायची. शेजारीण तिला चिडवायची, “आक्का, वास घेऊन सांगता का राजा का राणी?”

“तुझा वास तर वाटंनं येतानाच आला मला,” आक्का म्हणायची.

आता ती पंजी. आक्काच्या जोडातली बदामची पंजी मागंच एकदा चुलीत गेली. तिच्या जागी आक्काच्या सुनंनं कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचा तुकडा कापून घातला आन कोळशानं त्याच्यावर पाच ठिपके दिले. बाकी पानांची पाठ निळी, हिची गुलाबी, त्याच्यावर अर्धा गणपती. पालथं पडलं तरी कुणालाबी कळणार. म्हणून आमी ठरवलं व्हतं, गुलाबी पान वाटणारीला पालथं आलं तर बघणारीनं सांगायचं, “आक्का, गुलाबी हाय,” मंग ती ते बदलून दुसरं घ्यायची. आक्काला ते आपलं आपण दिसायचं न्हाई. सांगायला लागायचं. आन कायम कुणीतरी सांगायचंच.

दोन दुपारी खेळले. एक दिस जिकले, एक हारले. जिथल्या तिथं. तिसऱ्या दुपारी रोप अठरा दिसांचं झालेलं. मी म्हणले, “आक्का, एकच डाव. चार दिसांचा.”

शेजारीण हसली. “चार? हारलीस तर चार दिस आक्काच्या चिखलात वाकशील, भाऊंना काय पाठीवर बांधून आणशील?”

“तुमी चहाचं बघा,” मी म्हणले.

ती चहा आणायला आत गेली. आक्कानं वाटलं. मला नव्वी आन चव्वी. तेरा. तिचा राजा उघडा. आन राजाच्या खाली, आडवं, बोटभर कड बाहेर आलेलं पालथं पान. गुलाबी.

मला बोलायचं व्हतं. तोंड उघडलं बी व्हतं. पण तेवढ्या वेळात हिशेब झाला. राजा आन पंजी, पंधरा. सोळापर्यंत तिला घ्यायचंच. पंधरावर सत्तीपासनं वरचं कुठलंबी पान आलं की ती फुटती. तेरातली सात पानं. माझ्या तेरावर मी नुसती गप बसले तरी निम्म्याच्या वर डाव माझा. न्हाईतर तेराला राजासमोर किंमत किती? चारात एकाच्या जरासं वर.

मी तोंड मिटलं.

आक्कानं माझी पानं उचलून नाकाला लावली, खाली ठेवली. मंग म्हणली, “धाकटे, सोड. मी तुला दोन दिस देते.”

शेजारीण कपबशा घेऊन दारात आली व्हती. “आगं बया! तेरा हायत तिचे. अर्धं मागायचं सोडून हारणारीला कोण देतं? आक्का, अक्कल बी गेली का डोळ्यासंगं?”

“माझे दिस हायत. देईन न्हाईतर ठेवीन.”

मला काय वाटलं, ते आज सांगते. मला वाटलं, तिला कळलंय. लग्नपत्रिकेचा कागद जाड असतो, वाटताना बोटाला लागला असंल. पंजी हाय हे तिला ठावं हाय आन ती भ्यालीय. लई देत असंल तर समज, भ्यालाय. मालकांचे शब्द कानात वाजत व्हते. दोन दिस देती म्हंजी चार जायची भीती हाय. मंग मी दोन का घेऊ?

“न्हाई सोडत,” मी म्हणले. “पान बी नको. बसले.”

“तेरावर बसलीस?” शेजारीण म्हणली. “भाऊंनी हेच शिकवलं व्हय?”

आक्का माझ्याकडं बघत राहिली. तिला दिसत न्हवतं, पण बघत राहिली. मंग पालथं पान उलटलं. शेजारीण वरडली, “अगं ही तर गुलाबी! कुणी बघितली न्हाई व्हय?” मी तिच्या हातातली कपबशी घेतली. आक्का म्हणली, “मला कुठं दिसतंय. उलटली ती उलटली.” आन वरचं पान ओढलं.

छक्की. पंधरा आन सहा, एकवीस.

घरी गेले तर मालक जागे. तोंडावरनंच त्यांना कळलं. किती, म्हणले. मी चार बोटं दाखवली. हातात काय व्हतं? तेरा. समोर राजा.

“पान घेतलंस ना?”

“घेतलं,” मी म्हणले. “फुटले.”

त्यांनी डावा हात वर केला, पाची बोटं पसरून. तेराला पाचच पानं फोडत्यात. नव्वी, दश्शी आन तीन चित्रं. “बराबर खेळलीस,” म्हणले. “नशीब.” आन तोच हात माझ्या डोक्यावर ठेवला. जड व्हता. मी तशीच बसून राहिले, हात काढ म्हणता बी येईना.

चार दिस आक्काच्या खाचरात गेले. सकाळी मालकांना पेज पाजायची, लोटा डाव्या हाताशी ठेवायचा, खाटंच्या कडंला गोधडीचा लोड लावायचा आन दार ओढून जायचं. आक्का पहिल्याच दिशी म्हणली, “अर्ध्या दिसानं जा.” मी गेले न्हाई. दुसऱ्या दिशी शेजारीण बी म्हणली, “जा ग बाई, आमी काय बोलत न्हाई.” तिच्याच तोंडाची मला भीती व्हती, आन तीच म्हणत व्हती. तरी गेले न्हाई.

तिसऱ्या दिशी घरी आले तर मालक खाली. लोड सरकला व्हता. भुईवर कुशीवर पडलेले, तोंड भिंतीकडं, अंगाखाली वलं. कधीचे पडले व्हते ते त्यांनी सांगितलं न्हाई. लोटा आडवा व्हऊन पाणी पार चुलीपर्यंत गेलेलं. मी एकटीनं उचलू शकले न्हाई, आक्काच्या लेकाला बोलावून आणलं. त्यांना खाटंवर घेतलं, अंग पुसलं. कपाळावर टेंगूळ आलं व्हतं. त्याला हळद लावताना ते म्हणले, “किती राहिलं?”

“एक दिस,” मी म्हणले.

आक्का मागनं धावत आली. “उद्या येऊ नको. माझी शपथ हाय.”

“दिस तो दिस,” मी म्हणले. चौथ्या दिशी बी गेले. सगळ्यांना वाटलं, म्हातारी वचनाची लई पक्की. वचनाचं काय न्हवतं त्यात. तो दिस मला द्यायचाच व्हता. न दिला असता तर मला भाकर गिळली नसती. का, ते माझं मला ठावं व्हतं.

माझं रोप तवर वाढून गेलं. कांडी सुटली व्हती. मालक झोपले की जाऊन जाऊन एका खाचराचं कसंतरी लावलं, गुडघ्यावर बसून. दुसरं तसंच पडलं, गवत माजलं त्यात. मालक त्याच माघात गेले. जायच्या आधी पंधरा दिस त्यांनी परत पानं मागितली, चिंचोके मागितले. खाटंवर मांडून दिले मी. त्यांनी तेरा पानांतली पाच बाजूला काढली, माझ्याकडं बघितलं आन हसले. माझ्या मनात आलं, आत्ता सांगावं. पण त्यांना वाटत व्हतं, बायको बराबर खेळली आन नशिबानं हारली. तेवढं घेऊन गेले ते. सांगितलं न्हाई.

यंदाच्या उन्हाळ्यात घोडेगावच्या शिबिरात आक्काच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. थोड्या दिसांनी दुसऱ्याचं. काळा चष्मा घालून ती घरभर हिंडायची आन सगळ्याला हात लावून बघायची. माझं तोंड बघून म्हणली, “किती म्हातारी झालीस ग!” सुनंला म्हणली, भिंत कवाशी इतकी काळी झाली?

आवणीच्या आधी एका दुपारी मी गेले तर पडवीत एकटीच पानं घेऊन बसलेली. एकेक पान उघडून लांब धरून बघत व्हती, नाकाला न लावता. मी पुढ्यात बसले. पालथी पानं तिनं पसरली, आन त्यात ती पंजी. निळ्यात गुलाबी. ती थांबली.

“अगं, ही अशी दिसती?” म्हणली. “मला वाटायचं, जरा कळ न कळ वेगळी असंल. ही तर सडकेवरनं दिसंल.”



तिनं राजा शोधून काढला. पंजी पालथी ठेवली, राजा तिच्यावर ठेवला, कड बाहेर ठेवून. त्या दिशी जशी व्हती तशी. मंग चष्मा काढला.

“तुला दिसली व्हती.”

“व्हती.”

“म्हणून तेरावर बसलीस.”

“हा.”

“सांगितलं न्हाईस.”

“न्हाई सांगितलं.”

सुनंनं आतनं हाक मारली, तिला आक्कानं ओ दिली न्हाई. मंग म्हणली, “आन मी दोन दिस देत व्हते, ते का घेतले न्हाईस?”

“मला वाटलं, तुमी भ्यालात.”

“भ्यालेच व्हते,” आक्का म्हणली. “तुझ्या पानाला न्हाई. तू हारशील, आन दिस द्यायला भाऊजींना एकटं टाकून येशील, त्याला भ्याले व्हते. तशी तू कुणाचं घेत न्हाईस. म्हणलं, डावात तरी घेशील.”

मालकांनी शिकवलं ते खोटं न्हवतं. आळेफाट्याच्या हॉटेलामागं ते खरंच असंल. तिथं समोर बसलेला माणूस पुन्हा भेटंल का न्हाई कुणाला ठावं. आक्का माझ्यासमोर बसलेली व्हती, मी लग्न व्हऊन आले तवापासनं, चाळीस वर्सांच्या वर. तिच्या पानांचा हिशेब मी डायवर लोकांच्या रीतीनं केला.

मी मालकांना काय सांगितलं ते बी तिला सांगितलं. डोळं पुसायचं तर डाक्टरनं चोळू नको म्हणून सांगितलेलं, म्हणून पदर नुसता गालाला लावून बसली.

मंग सगळी पानं गोळा करून तिनं मांडीखाली सरकवली.

“यंदा रोप किती दिसांचं झालं तुझं?”

“पंधरा.”

“दोन दिस देते. सोड.”

“पानं तर वाटली न्हाईत अजून.”

“सोडतीस का न्हाई ते सांग.”

तोंडात ‘न्हाई’च आलं व्हतं. तेच येतं मला पहिलं.

“सोडते,” मी म्हणले.

ती आली दोन दिस. तिला अजून चष्म्यातनं अंतर कळत न्हाई. रोप जिथं लावायचं त्याच्या वीतभर पुढं हात जायचा. तिच्या ओळी सगळ्या वाकड्या झाल्या. शेजारीण बांधावरनं जाताना हसली, “आक्का, नजर यायच्या आधी सरळ लावत व्हता की तुमी.” आक्कानं चिखलाचा हात तिच्याकडं झटकला.

दोन दिसांत एकच खाचर झालं. दुसरं यंदा बी पडूनच हाय. ह्या खाचरातलं भात आता पोटरीत आलंय, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात हायत, आन आक्काच्या वाकड्या ओळी घरातनं निघताना दारातनंच दिसत्यात.